तहानलेली बाहुली

फार फार पूर्वीची गोष्ट. इतक्या पूर्वीची, की तेव्हाच्या राजाचे नावही आता कुणाला आठवत नाही. त्याचा एक हुकूम तेवढा लोकांच्या तोंडी राहिला आहे. राज्यातली मुले भली निपजावीत म्हणून त्याने ठरवले होते, की दर उन्हाळ्यात गावोगावी नीतीचा एक खेळ व्हायलाच हवा.

एका गावात हा खेळ तुळसा करीत असे. पांढरा पडदा ताणायचा, मागे दिवा लावायचा, कातड्याच्या बाहुल्या नाचवायच्या आणि पडद्यावर सावल्यांची गोष्ट उभी करायची, ही तिच्या घराण्याची कला. गोष्ट ठरलेली होती. एक तहानलेली म्हातारी विहिरीवर येते. गावकरी तिला हुसकावून लावतात. इतक्यात राजा येतो, घोड्यावरून उतरतो, विहिरीचा दोर स्वतःच्या हाताने तिच्या हातात देतो आणि म्हणतो, "ओढ आई. पाण्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं."

इथे सगळा गाव रडे. बायका पदर डोळ्यांना लावत. पाटील तर उपरण्याने नाक पुसत म्हणत, "वा तुळसा! काळजाला हात घातलास बघ."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वस्तीतली एखादी बाई घडा घेऊन विहिरीच्या आसपास दिसली, की हेच पाटील ओरडत, "ए, लांब हो! सावली पडेल पाण्यात!"

खालच्या वस्तीतले लोक कातडी कमावीत. तुळसाच्या बाहुल्यांचे कातडेही त्यांच्याच हातचे. खेळाआधी त्या बाहुल्यांना हळदकुंकू वाहून अख्खा गाव पाया पडे. पण ज्यांनी ते कातडे कमावले त्यांनी खेळ बघायचा तो पडद्यामागे, उकिरड्याच्या बाजूला बसून.

तुळसाने काय कमी उपाय केले? एका वर्षी म्हातारीला हुसकावणाऱ्या बाहुलीला तिने पाटलांसारख्या झुबकेदार मिशा कोरल्या, पोटही तसेच सुटलेले दाखवले. आता तरी ओळखतील! पाटलांनी मांडीवर थाप मारली आणि खो खो हसले. "अगदी पलीकडच्या गावचा पाटील उभा केलास की गं!"

दुसऱ्या वर्षी तिने म्हातारी आणखी वाळकी केली, तिच्या तोंडी आणखी करुण गाणे घातले. लोक दुप्पट रडले आणि खूश होऊन तुळसाला लुगडे देऊन गेले. तुळसाने ते लुगडे कोपऱ्यात भिरकावले. कपाळावर हात मारून घेण्यापलीकडे काय करणार? पाणी डोळ्यांतून घळाघळा वाहत होते, विहिरीतून मात्र एक थेंब हलत नव्हता.

अशातच एका उन्हाळ्यात खालच्या वस्तीचा झरा आटला. नदी दूर, वाट खडकाळ. खेळासाठी नवे कातडे आणायला तुळसा गेली, तेव्हा कातडे कमावणारी म्हातारी धोंडाई दारात गुडघा धरून बसली होती. पाणी आणताना पाय घसरून पडली होती. घडाही फुटला होता.

"धोंडाई, फार लागलं का गं?"

"लागायचं काय त्यात! गुडघा माझा, दगड देवाचा." धोंडाईने कातडे पुढे सरकवले. "ने बाई. यंदा पण तुझी म्हातारी पोटभर पाणी पिणार असेल ना?"

तुळसाने कातडे गुंडाळायला घेतले.

"दरवर्षी पिते भवानी! माझ्याच हातच्या कातड्याची, पण तिला राजा भेटतो, मला पाटील भेटतो," धोंडाई म्हणाली. "अगं, म्हणून तर त्यांचं फावतं. ती प्याली, की त्यांना वाटतं आपणच पाजलं. डोळे पुसतात आणि निवांत झोपतात. यंदा पाजूच नकोस तिला. बघू या कुणाची झोप उडते."

"खेळ अर्धा ठेवू? भलतंच काय!" तुळसा दचकली. गावाची जुनी रीत होती. खेळ पुरा झाला, की बाहुल्या पेटीत निजवायच्या. जोवर एकही बाहुली उभी आहे, तोवर गावात लग्नाचा मांडव घालायचा नाही. आणि पाटलांच्या मुलीचे लग्न तर तोंडावर आले होते.

"मग राहू दे," धोंडाई म्हणाली. "तुझा खेळ पुरा कर. आम्ही नदीवर जातो."

घरी येईपर्यंत हे शब्द तुळसाच्या मनाला काट्यासारखे टोचत राहिले.

खेळाच्या दिवशी दिवेलागणीला सारा गाव जमला. म्हातारी विहिरीवर आली, हुसकावली गेली, काठाशी उभी राहिली. बायकांनी पदर सावरून तयार ठेवले. आता राजा येणार! पण राजा आला नाही. तुळसाने म्हातारीच्या बाहुलीची काठी जमिनीत रोवली, दिवा विझवला आणि ती पडद्यापुढे आली.

"झाला खेळ. एवढाच."

"एवढाच? आणि राजा कुठाय?" पाटील उठून उभे राहिले.

"राजाला दरवर्षी मीच आणते पाटील. मी दमले आता. पुढची गोष्ट तुम्ही पुरी करा. विहीर तुमची आहे, दोर तुमचा आहे, तहानलेली म्हातारीही तुमच्याच गावात आहे."

एकच गलका झाला. "अवलक्षणी बाई!" "मांडव कसा घालायचा आता?" कुणी म्हणाले दोन पायली भात जास्त देऊ, कुणी म्हणाले गावाबाहेर काढू. एक छोटी मुलगी तेवढी रडत आईला विचारत होती, "पण तिला पाणी मिळालं का?"

"मिळेल हं उद्या," आई म्हणाली.

"कोण देणार?"

आईने तिला कडेवर घेतले आणि घरची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी गावाने गुरवाला गाठले. तो म्हणाला, "त्यात काय, मी करतो खेळ पुरा." पण कला म्हणजे काही घंटा बडवणे नव्हे. पडद्यावर राजा डोक्यावर उभा राहिला, घोडा राजावर बसला आणि दोर म्हातारीच्या गळ्यात अडकला. पोरे हसून हसून लोळली. गुरव बाहुल्या टाकून जो पळाला, तो देवळात जाऊन बसला. तुळसाने म्हातारीची काठी पुन्हा जमिनीत रोवली.

मग पाटलांनी शक्कल लढवली. गड्याच्या हाती एक भरलेला घडा खालच्या वस्तीत धोंडाईकडे पाठवून दिला आणि तुळसाला निरोप धाडला, की म्हातारीला पाणी मिळाले, आता बाहुली निजव.

धोंडाई घोटभर पाणी प्याली, उरलेले तिने वस्तीतल्या पोरांना वाटले आणि गड्याला म्हणाली, "पाणी गोड आहे, सांग त्यांना. पण गोष्टीतल्या राजाने घडा पाठवला नव्हता. दोर दिला होता."

पाटील तणतणत तुळसाच्या दारी आले. "तुम्हा दोघींना झालंय तरी काय? पाणी दिलं ना? अजून काय हवं?"

आजवर तुळसाने कुणाला दुखावले नव्हते. पण आता तिचाही बांध फुटला. "पाटील, किती वर्षं सांगते मी! गाऊन सांगितलं, रडून सांगितलं, तुमच्या मिशा बाहुलीला कोरून दाखवल्या! धोंडाईच्या हातचं कातडं देव म्हणून कपाळाला लावता, आणि तिचा हात दोराला लागला तर विहीर बाटते? मग त्या बाहुल्यांनी तुमचं कपाळ कसं नाही बाटलं?"

पाटलांनी वळून आपल्या घराकडे पाहिले. घरात बायको रुसलेली, मुलगी रडवेली, मांडवाचे खांब अंगणात आडवे पडलेले.

"चल बाई, चल," ते शेवटी म्हणाले. "बोलव तुझ्या धोंडाईला."

धोंडाई लंगडत लंगडत विहिरीवर आली. वस्तीतली माणसे मागे, गाव पुढे. पाटलांनी दोर उचलला, डोळे मिटले आणि एखादा साप द्यावा तसा तिच्या हातात दिला.

धोंडाईने पाणी ओढले. ती भरपूर प्याली. आभाळ होते तिथेच राहिले, पाणीही होते तसेच नितळ राहिले.

एक बाई तुळसाच्या कानाशी पुटपुटली, "पण पाटलांनी मनापासून कुठं दिलं?"

"तहान मन विचारत नाही गं," तुळसा म्हणाली आणि तिने जाऊन म्हातारीची बाहुली पेटीत निजवली.

दुसऱ्या सकाळी धोंडाई पुन्हा विहिरीवर आली. या वेळी सगळी वस्ती सोबत होती. पाटील धावले. "अगं, खेळ संपला ना कालच?"

"खेळ संपला पाटील, तहान नाही संपली."

पाटलांनी दोराकडे हात नेला, तेवढ्यात काठावरची पोरे ओरडली, "राजानं दोर परत घेतला होता का?" पाटलांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, लग्नघरात पुष्कळ कामे पडली आहेत असे काहीसे पुटपुटले आणि निघून गेले. त्या दिवसापासून विहिरीचा दोर कुणी कुणाच्या हातून काढून घेतला नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, नीतीची गोष्ट ऐकून आपले डोळे ओले झाले म्हणजे ती शिकलो असे होत नाही. दुसऱ्याचा कोरडा घसा ओला झाला, म्हणजे शिकलो.