खाडीपलीकडचे पत्र

एकदा एक तरुणी सम्राटाच्या राजधानीत शिक्षण घेऊन आपल्या वसाहतीत परतली. त्या किनाऱ्यावर सम्राटाच्या सात वसाहती होत्या, आणि महिन्याभरापूर्वी सातही ठिकाणच्या लोकांनी त्याचे सुभेदार हाकलून दिले होते. सारा प्रवासभर तिच्या डोळ्यांपुढे सात वसाहतींचे एक राष्ट्र उभे होते. प्रत्यक्षात जो तो आपल्या वेशीआड विजय साजरा करत होता. शेजारी काय चालले आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आणि आठवड्याभरात सम्राटाचे आरमार परत येणार, ही बातमी पक्की होती. एकटी वसाहत त्यापुढे एक दिवसही टिकली नसती.

तिने तातडीने खाडीपलीकडच्या वसाहतीला पत्र लिहिले : ‘आपण एकत्र लढू.’ टपालकचेरीतल्या कारकुनाने ते राजधानीच्या थैलीत टाकले.

“कधी पोहोचेल?” तिने विचारले.

“चार महिने धरा, ताई. राजधानीत शिक्का बसणार, मग परत येणार. वसाहतीचं पत्र वसाहतीला असंच जातं.”

“मग संपलंच सगळं!” ती म्हणाली.

तिचे वृद्ध गुरुजी दारातच उभे होते. त्यांनी थैलीतून पत्र काढले, पागोट्यात खोवले, धोतर वर खोचले आणि ते थेट खाडीत उतरले. काठावर एकच गलका झाला.

“गुरुजी, मागे फिरा! खाडी ओलांडायला सम्राटाची मनाई आहे! फटके बसतील!”

गुरुजी वळून म्हणाले, “कोण मारणार रे? तू?”

ओहोटीचे पाणी त्यांच्या गुडघ्यालाही लागले नाही.

दुपार कलता कलता पलीकडून ढोल ऐकू आले. गुरुजींच्या मागे दोनशे माणसे पाणी उडवत येत होती. पुढचा कोळी ओरडला, “अरे, आम्ही कधीची तुमची वाट बघतोय! आम्हालाही मनाई होती ना!” दोन्ही काठ खदखदून हसले, आणि लोक पाण्यातच एकमेकांच्या गळ्यात पडले.

शिष्येने गुरुजींचे ओले पाय धरले. “मी इतकी शिकले, पण हे मला सुचलं नाही.”

“पोरी, हुकूम देणारा गेला, पण आपले पाय अजून त्याचा हुकूम पाळत होते. शेजाऱ्याकडे जायची वाट सम्राटाच्या दारावरून जाते, एवढं त्यानं मनावर बिंबवलं, की पहारेकरीही लागत नाही. सुभेदार गेला तेव्हा आपण सुटलो. राष्ट्र आज झालो.”

त्या रात्री वसाहतीतल्या लोकांनी तिला स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहायला सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात लोक तिच्या तोंडून स्वातंत्र्याचा जाहीरनामा ऐकायला जमले. तिने हात जोडून सांगितले, “उरलेल्या पाच वसाहतींत मी आज स्वतः जाते आहे. सातही वसाहती एकत्र बसेपर्यंत जाहीरनाम्याची एक ओळही मी एकटीनं लिहिणार नाही.”