सात नंबरची ढोली

फार मागे एका रानात म्हातारं कासव प्रत्येकाला आकडा नेमून देई. आकडा ज्याचा, त्या आकड्याची ढोली त्याची. राखणदार साळिंदर कुणाचं तोंड पाहत नसे, आकडाच पाही.

सात नंबरच्या मैनेला ससाण्याने उचललं, त्याच दिवशी कासवाने सातचा आकडा नव्याने आलेल्या धामणीला देऊन टाकला.

"कासवबाबा, आधी ढोलीत तरी डोकवा," खार कळवळून म्हणाली.

"मैना गेली, आकडा मोकळा झाला. डोकवायचंय काय त्यात?"

धामण आत शिरली. पिल्लांची चिवचिव उठली आणि एकदम थांबली. तेव्हा कुठे कासवाला उमगलं. ते धडपडत ढोलीपाशी आलं.

साळिंदराने काटे फुलवले. "तुमचा आकडा एक, बाबा. सातमधलं सगळं सातचं. हा नियम तुम्हीच घालून दिलात."