ओळखीचे मीठ

फार पूर्वी चंद्रावती नगरीत राजा मणिकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या वस्तीत गवळ्यांचा नायक होता. त्याच्या बायकोचे नाव मंदारा. एकुलती एक लेक पाटला नदीपलीकडे दूरच्या गावी दिलेली होती, आणि तिच्याबरोबर कपिला नावाची गाय आंदण गेली होती.

त्या गवळ्यांची एक रीत होती. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात लेक आंदणाची गाय घेऊन माहेरी येई. आई तळहातावर मीठ धरी, गाय ते चाटी, आणि तोच ओला हात आई घरच्या एकेका गाईच्या तोंडाशी नेई. म्हणजे गुरे एकमेकांना विसरत नाहीत, असे म्हणत. मंदाराने पाऊस सरण्याआधीच मिठाची पुरचुंडी बांधली होती आणि येताजाता ती कनवटीला चाचपून पाही. आईचे मन, दुसरे काय!

नेमकी तेव्हाच देशात बुळकांडीची साथ आली. गुरांचे डोळे-नाक वाहू लागत आणि बघता बघता गोठे ओस पडत. बोधिसत्त्वाने नदी ओलांडायच्या उतारावर बंदी घातली. बाहेरून येणाऱ्याने जनावरासह पैलतीरी, प्रवाहाच्या खालच्या अंगाला बांधलेल्या झोपडीत महिनाभर राहायचे; मगच राखेने अंग घासून, कपडे बदलून अलीकडे यायचे. वस्तीच्या साऱ्या चुली आपल्या गुरांवरच पेटत, म्हणून कुणी कुरकुरले नाही.

आणि एका सकाळी पैलतीरावर पाटला उभी राहिली, शेजारी कपिला.

मंदारा गुडघाभर पाण्यात उतरलीसुद्धा. बोधिसत्त्वाने तिचा हात धरला.

"अहो, सोडा! आपल्याच गोठ्यात जन्मलेली गाय आहे ती. डोळे बघा, कसे स्वच्छ आहेत."

"आज आहेत," तो म्हणाला. त्याने हात सोडला नाही. "रोगाला नातं कळत नाही, मंदारा."

"बाबा, गाय इथंच बांधते," पाटला पलीकडून ओरडली. "मी एकटी येऊ?"

"नको, पोरी. तुझ्या लुगड्याला तिची लाळ लागली असेल."

मंदाराने नवऱ्याशी बोलणे टाकले. ती रोज रांधून मडके नदीतल्या खडकावर ठेवी. लेक ते उचलून नेई, पण बंदीमुळे रिकामे मडके परत येत नसे. पलीकडे पाटला केस विंचरू लागली की इकडे मंदाराचे हात आपोआप हलत. नदी ती केवढी, हाक सहज पोहोचे, पण हात पोहोचत नव्हता. तिचा जीव तीळतीळ तुटे.

मग एके दिवशी कपिलेचे डोळे वाहू लागले.

मंदाराने कनवटीची पुरचुंडी घट्ट धरली. आपला ओला हात आतापर्यंत किती गाईंच्या तोंडाशी गेला असता, हे तिला कळले.

बोधिसत्त्वाने आपली काठी तिच्या हाती दिली. "येण्याला बंदी आहे, जाण्याला नाही. पोर तिथं एकटी आहे. गुरं तू सांभाळ." आणि तो पाण्यात उतरला. आता तिला पलीकडे पाहायला दोघे झाले.

गवळी म्हणाले, "नायकच गेले, आता बंदी कसली? वहिनी, तुम्हीही जाऊन लेकीला भेटून या." मंदाराने काठी आडवी धरली आणि स्वतःच उतारावर बसली. कुणाला येऊ दिले नाही, आपणही गेली नाही.

कपिला मेली. तिला खोल पुरून, तिथून महिना भरल्यावर झोपडी जाळून, राखेने अंग घासून बाप-लेक अलीकडे आले. वस्तीतले एकही जनावर आजारी पडले नव्हते. मंदाराने पुरचुंडी सोडली आणि मीठ तळहातावर घेतले, पण चाटायला गायच नव्हती. तेव्हा पाटला वाकली आणि तिनेच ते मीठ चाटले. तोच ओला हात घेऊन मंदारा गोठ्यात गेली. एकेक गाय तो चाटत होती आणि मंदारा रडत होती.

एवढी पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ते भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची पाटला म्हणजे आजची भिक्षुणी उत्पलवर्णा. मंदारा म्हणजे राहुलमाता. गवळ्यांचा नायक मीच होतो. तो नदीत उतरला, त्याला तुम्ही करुणा म्हणाल, आणि ते खरेच आहे. पण ओढ असूनही जी अलीकडे बसून राहिली, तिच्या त्या बसण्याला अधिष्ठान, म्हणजे अढळ निश्चय, म्हणतात."