चिचुंद्रीने विणलेली वाट

एका दाट जंगलातून ओढा वाहत होता आणि त्याच्या काठच्या उंबराखाली एक तरुण चिचुंद्री आपल्या आईबरोबर बिळात राहत होती. ओढ्यावर वानरांनी बांधलेला पूल होता. लांब वेलींवर आडव्या फांद्या बांधलेला. ससे, कोल्हे त्यावरून आरामात ये-जा करीत. पण मुलांनो, दोन फांद्यांमध्ये एवढी फट होती की चिचुंद्र्यांची, उंदरांची पिल्ले तिच्यातून थेट पाण्यात पडत. चिचुंद्रीचा धाकटा भाऊ असाच वाहून गेला होता. तेव्हापासून बिळातले कुणी पुलाकडे फिरकत नसे.

वानरांच्या पोरांना पूल बांधायला शिकवणारी एक म्हातारी वानरीण होती. एकदा ती बिळापाशी येऊन बसली. "तुम्ही पुलावर कधी दिसत नाही, ते का गं?"

"वानरआजी, तो आमच्या पायांसाठी बांधलेलाच नाही," चिचुंद्री म्हणाली आणि तिने भावाचे सांगितले.

वानरिणीने मान वळवून पुलातल्या फटी पाहिल्या. मग म्हणाली, "आम्हाला हे सुचलंच नाही. उद्यापासून तू शिकायला ये."

आई घाबरली. "आपल्यात कुणी पूल बांधलाय का कधी? हसतील सगळे."

आणि वानरांची पोरे खरोखरच हसली. "हिला धड दिसत नाही, ही काय बांधणार!" चिचुंद्रीला मेल्याहून मेल्यासारखे झाले, पण ती उठून गेली नाही. बोटांनी जमेना म्हणून दातांनी गाठी मारायला शिकली. गवताच्या दोऱ्या वळून तिने चटई विणली आणि पुलाच्या फांद्यांवर अंथरली. एक ससा तीवर जाऊन बसला मात्र, चटई सुटून ओढ्यात गेली. ससा कसाबसा पोहत काठाला लागला.

चिचुंद्री रडत घरी निघाली, तशी वानरीण वाटेत आडवी आली. "माझा पहिला पूल माझ्यासकट पाण्यात गेला होता. रडायचं तर रड, पण कुठली गाठ सुटली ते बघून जा."

तिने पाहिले. सगळ्या सुरगाठी होत्या, ओढ बसताच सुटणाऱ्या. मग तिने नवी चटई निरगाठींनी बांधली, आणि सर्वांत जास्त हसलेला वानर तिचे दुसरे टोक ताणून धरायला आपण होऊन आला. दोघांनी ती पुलावर अंथरली आणि तीवर दगड ठेवून ठेवून पाहिले.

त्याच उन्हाळ्यात काठच्या गवताला वणवा लागला. बिळे तापली, धूर आत शिरला. सगळी ओढ्याकडे धावली. पुलाच्या तोंडाशी आईचा पाय उचलेना.

"आई, चल. मी ओझं ठेवून पाहिलंय."

आईने डोळे मिटून पाऊल टाकले. तिच्यामागे पिल्ले एकमेकांची शेपूट धरून निघाली आणि सगळी पलीकडे पोहोचली.

आग विझल्यावर वानरिणीची शाळा पुन्हा भरली. झाडाआड साळिंदराची लेक उभी होती. "माझ्या अंगावर काटे आहेत," ती हळूच म्हणाली. "मी आले तर चालेल का?"

चिचुंद्री जरा सरकली. "ये, इथं बस. फक्त काटे थोडे आवरून घे."

तात्पर्य : आपल्यातल्या कुणी आजवर केले नाही, म्हणून एखादे काम आपले नाही असे समजू नये, ते शिकावे, आणि शेजारी आणखी एकाला जागा करून द्यावी.