शंभर वर्षांचा नवा हंडा

भांडी आपसांत बोलायची, त्या काळातली ही हकिगत. जुन्या बाजारात गफूरचाचांच्या पथारीवर तांब्याचे दोन हंडे शेजारी बसले होते. एक शंभर वर्षं चुलीवर राबलेला. दुसरा महिन्याभरापूर्वी घडवलेला, पण चाचांनी त्याला मिठाचं पाणी लावून आठवडाभर ओल्या मातीत पुरलं होतं, त्यामुळे तो काळा-हिरवा झाला होता.

म्हाताऱ्या हंड्याची दया येऊन चाचांच्या बायकोने, जैनबचाचीने, त्याला चिंचेने लख्ख घासलं होतं.

चष्मेवाल्या एक बाई आल्या. त्यांनी म्हाताऱ्याला उलटंपालटं करून ठेवून दिलं. "हा तर नवा आहे, चाचा." मग हिरव्या हंड्यावरून त्यांनी मायेने हात फिरवला. "असे दोन हवेत. पुढच्या रविवारी नेते."

म्हातारा गोंधळला. "अरे, मी नवा कसा?"

"मला काय विचारता?" धाकटा म्हणाला. "मला महिना झालाय, आणि लोक मला पणजोबांच्या काळातला म्हणतात."

घरी चाचा बायकोवर वैतागले. "विकला नाही तर मोडीत जाईल तो." त्यांनी म्हाताऱ्यालाही मिठाचं पाणी लावलं आणि मातीत पुरलं.

रविवारी बाईंनी दोन्ही हंडे खुशीत रिक्षात ठेवले.

"आता कुठे तुम्ही माझ्यासारखे जुने दिसताय," धाकटा समजुतीने म्हणाला.

म्हाताऱ्याने आपल्या हिरव्या अंगाकडे पाहिलं. "बरं झालं," तो म्हणाला. "पण मग इतकी वर्षं चुलीवर कोण होतं?"