कोतवालाच्या साळुंक्या

साळुंक्या माणसासारख्या बोलायच्या, तेव्हाची ही जुनीपुराणी गोष्ट.

एका गावात चोऱ्यांचा सुळसुळाट झाला. तेव्हा कोतवालाने बाजारात, वेशीवर आणि घरोघरच्या वळचणीला साळुंकीचा पिंजरा टांगला. "साळुंकी दिवसभर ऐकेल, संध्याकाळी चावडीवर येऊन सांगेल. ज्याच्या मनात पाप नाही, त्याला कसली भीती?" तो म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. कोतवालाचा माणूस संध्याकाळी पिंजरे नेई आणि सकाळी परत टांगून जाई. बाजारातल्या चोऱ्या थांबल्याही, खोटं कशाला बोला!

त्या गावात एक कोष्टीण होती. तिच्या सासूला कमी ऐकू येई, त्यामुळे घरातलं गुपितसुद्धा ओरडून सांगावं लागे. लेकीच्या लग्नासाठी केलेल्या पाटल्या तिने कणगीत लपवल्या आणि सासूच्या कानाशी ओरडून तसं सांगितलं. आठवडा सरतो न सरतो, तोच पाटल्या गायब!

कोष्टिणीच्या पायाखालची जमीन सरकली. पाटल्यांवाचून लेकीचं लग्न मोडणार होतं. जागा ठाऊक होती ती फक्त सासूला. दोघींमधलं बोलणं बंद झालं. म्हातारी कोपऱ्यात बसून डोळे पुसू लागली, तर कोष्टिणीला तेही सोंग वाटे.

एके दिवशी वळचणीची साळुंकी आपली सहज बोलून गेली, "कणगीत, कणगीत!"

कोष्टीण चपापली. चोर सासू, की हे पाखरू? तिने संध्याकाळ व्हायच्या आत सासूला ओरडून सांगितलं, "अहो, लेकीचा गोफ अंगणातल्या निळीच्या रांजणात टाकलाय हो! तळाशी!"

रांजणात नुसता रंग होता.

सकाळी तिने आधी सासूचे हात पाहिले. ते स्वच्छ होते. कोष्टिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात कोतवालाचा माणूस पिंजरा टांगायला आला. एवढ्या उन्हाळ्यात त्याच्या बाह्या बोटं झाकतील इतक्या खाली ओढलेल्या! तिने बाही सर्रकन वर केली. हात कोपरापर्यंत निळेशार!

चावडीवर गाव जमलं. हा माणूस वाटेत साळुंक्यांना पेरू चारून घरोघरची गुपितं काढून घेत होता. पाटल्या त्याच्याच घरात सापडल्या.

कोतवालाची मान खाली गेली. "मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला," तो म्हणाला.

"आमच्यावर मात्र डोळे उघडे ठेवलेत," कोष्टीण कडाडली. "चोर पकडा, साहेब. पण आमच्या चुलीपाशी कान कशाला?"

त्याच दिवशी घरांवरचे पिंजरे उतरले. वेशीवरचे आणि बाजारातले तेवढे राहिले, आणि त्या साळुंक्या पंचांसमोर, सगळ्यांच्या देखत बोलू लागल्या.

घरी येऊन कोष्टिणीने सासूचे पाय धरले आणि ओरडून म्हणाली, "चुकले मी, सासूबाई!"

"हळू बोल गं," म्हातारी डोळे पुसत हसली, "एवढं ऐकू येतं मला."

तात्पर्य : राखण वेशीवर असावी, घरात नसावी, आणि राखणदारावरही गावाची नजर असावी.