भाऊसाहेबांचं पंचांग

कुडाळच्या इंदुताई तेंडोलकरांना घर विकून मुलीकडे नाशिकला जायचं होतं, आणि गिऱ्हाईक वाट्याला आलं ते माजी सभापती भाऊसाहेब परुळेकर. इसाराचा रुपयाही न देता त्यांनी गावभर सांगून टाकलं, "ते घर मी घेतलंय." पण खरेदीखताचा दिवस ठरला की पंचांग आडवं यायचं. कधी पितृपक्ष, कधी पौष. अमावास्येला तर गृहस्थ उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नसत. एरवी मात्र दुसरं कोणी घर बघायला आलं, की हे ओसरीवर हजर आणि त्याला वाटेला लावून मोकळे. बांधलेली ट्रंक तीनदा सोडून इंदुताई मेटाकुटीला आल्या होत्या.

आठव्या महिन्यात एका सकाळी भाऊसाहेब पंचांग काखेत मारून आले. "इंदुताई, गुरुवार उत्तम आहे. या वेळी नक्की."

"घर परवाच विकलं," ट्रंकेला कुलूप लावत इंदुताई म्हणाल्या. "दवाखान्यातल्या कार्मेलीन सिस्टरांनी घेतलं. खरेदीखतही झालं."

भाऊसाहेबांनी काखेतलं पंचांग काढून उघडलं. "परवा? अहो, परवा अमावास्या होती. अमावास्येला कोणी घर विकतं का?"

"मी मुद्दामच तो दिवस धरला," इंदुताई म्हणाल्या. "तुम्ही कधी येणार, हे आठ महिन्यांत ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण कधी येणार नाही, तो दिवस पंचांगात छापलेला होता."